नाकातला टाका

बंदरावरच्या खलाशी सभागृहात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र आहे. खवळलेला समुद्र, फाटलेलं शीड, आणि सुकाणू धरून उभा असलेला तांडेल. छाती अशी पुढे काढलेली की वाऱ्यानेच घाबरून वाट बदलावी. खाली पितळी पाटी आहे. कप्तानाला लाटेने ओढून नेल्यावर ह्या शूर पुरुषाने जहाज सुखरूप घरी आणलं, असं तीवर कोरलंय. तांडेलाच्या मागे खलाशी आहेत, आचारी आहे, एक कुत्राही आहे. जहाजावर कुत्रा नव्हता. माझी काकू होती. ती चित्रात नाही.

माझं काम त्या सभागृहाच्या मागच्याच गल्लीत. पूर्वी तिथे शिडं शिवत, आता आम्ही ताडपत्र्या शिवतो. लाकडी जमीन तीच आहे, पिढ्यान्‌पिढ्या गुडघे घासून गुळगुळीत झालेली. डांबराचा आणि मेणाचा वास भिंतींत इतका मुरलाय की घरी गेल्यावर नवरा म्हणतो, आलं गोदाम. रोज येता-जाता सभागृहाच्या उघड्या दारातून ते चित्र दिसतं आणि रोज माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लोक म्हणतात, सोड ना, जुनी गोष्ट आहे. का सोडू? त्या चित्रात एकच गोष्ट खरी आहे. तांडेलाच्या डाव्या कानात सोन्याची बाळी दाखवलीय, ती. तिच्याबद्दल नंतर सांगते.

काकू ह्याच गोदामात तिच्या बापाजवळ शिवायला शिकली. लग्न झालं तेही शिडं शिवणाऱ्याशीच, माझ्या काकांशी. सासरी आली तेव्हा घरात सासू नाही, सासरा नाही, नुसता एक शेंबडा दीर. तो माझा बाप. त्या एवढ्याशा पोराला तिने रीतसर अहोजाहो करत वाढवलं. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, अंघोळीला चला, नाहीतर कान धरून नेईन." बाबा मरेपर्यंत ती त्यांना भाऊजी म्हणत होती आणि बाबा तिला वहिनी. पण आईचं म्हणून जे काही करायचं असतं ते सगळं तिनेच केलं होतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

काकांचे डोळे लवकर अधू झाले. दाभणात दोरा ओवायला बसले की शेजारचा माणूस सावरून बसायचा. पण जहाजावर शीड शिवणारा म्हणून पुरुषच लागे. मग ह्या नवराबायकोने तोड काढली. काका शीडवाला म्हणून चढायचे, काकू त्यांची बायको म्हणून, कपडे धुवायला. समुद्रात गेलं की काका बसायचे तंबाखू मळत आणि काकू शिवायची. सगळ्या जहाजाला माहीत होतं आणि सगळे कानाडोळा करत, कारण तिची शिवण कधी गेली नाही. खलाशांनी तिचं नाव ठेवलं दाभण. बाबा मोठे होऊन त्याच जहाजावर खलाशी म्हणून लागले आणि सतत तिच्या मागेमागे, म्हणून त्यांचं नाव पडलं दोरा.

तिच्याबरोबर आणखी एक काम आपोआप आलं होतं. जहाजावर कोणी मेलं की त्याला शिडाच्या जुन्या कापडात शिवून समुद्रात सोडायचं, आणि ते शिवायचं शीडवाल्यानेच. पायाशी साखळीचे तुकडे ठेवायचे, म्हणजे माणूस तळाला जातो. पायाकडून सुरू करून वर यायचं. शेवटचा टाका घालायचा तो मेलेल्याच्या नाकाच्या मधल्या पडद्यातून. एवढं जाड दाभण नाकात गेल्यावर ज्याच्यात धुगधुगी असेल तो ओरडल्याशिवाय राहत नाही. नाही ओरडला, तर खुशाल सोडा. खलाशी त्याच्या पलीकडचंही मानत. टाका न घातलेला माणूस पाण्यातून परत चढून येतो, म्हणत.

त्या शेवटच्या सफरीत काका तापाने गेले. काकूने त्यांना स्वतः शिवलं. नाकात टाका घातला, काका ओरडले नाहीत. मग तिने दोरा दाताने तोडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवायला बसली, कारण तिच्याशिवाय शिवणारं कोणी नव्हतं. कप्तानाने तिला उतरवायचा विषयसुद्धा काढला नाही.

तो कप्तान म्हणजे चालताबोलता आजार होता. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणत, पाठीमागे रंधा, कारण तो माणसाची सालं काढायचा. कमरेला आखूड दोरखंड असायचा, टोकाला गाठी मारून डांबरात बुडवलेला. जेवण थंड आलं म्हणून आचाऱ्याच्या पाठीवर तो चाललेला काकूने पाहिला होता. आचारी त्यानंतर आठवडाभर पालथा झोपत होता. तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, हाच तो चित्रातला वीर, फटके मारताना माणसाला बांधून द्यायचा. गाठ मात्र छान मारायचा, हे काकूही कबूल करायची.

वादळ सकाळीच दिसत होतं. काकू म्हणाली, "साहेब, मोठं शीड उतरवा. कापड जुनं झालंय."

"तुला विचारलंय?"

"नाही विचारलं. पण फाटलं तर मलाच शिवायचंय."

खलाशी हसले, आणि तेच वाईट झालं. हसू झालेला माणूस मागे फिरत नाही. कप्तानाने शीड तसंच फुगवून ठेवलं. दुपारी वारा फिरला आणि ते शीड वरपासून खालपर्यंत टरकन फाटलं. त्याचा आवाज तोफेसारखा होता, बाबा सांगायचे. फाटलेल्या कापडाच्या टोकाचा दोर एका खलाशाच्या तोंडावर बसला आणि त्याचा डोळाच गेला. तो डेकवर लोळत होता, दोन्ही हातांनी तोंड धरून, आणि बोटांतून रक्त येत होतं. कप्तानाला त्याचं काही नव्हतं. त्याला कोणीतरी गुन्हेगार हवा होता.

"शिवण गेली," तो ओरडला. "दाभणाची शिवण गेली! आणा तिला पुढे."

तांडेलाने काकूचा दंड धरला. तेव्हा बाबा मध्ये आले. वय काय, मिसरूड नुकतं फुटलेलं. त्यांनी फाटलेल्या शिडाची कड उचलून सगळ्यांना दाखवली.

"शिवण शाबूत आहे, साहेब. बघा. शिवणीच्या बाजूला कापड गेलंय. वहिनी सकाळपासून सांगत होत्या."

खरं बोलायची ही जागा नव्हती. कप्तान एकदम शांत झाला. त्याने कमरेचा दोरखंड सोडला आणि तांडेलाला म्हणाला, "ह्याला बांध."

तांडेलाने बांधलं. डोलकाठीला मिठी मारल्यासारखे हात, मनगटांना ती त्याची छान गाठ. बाबांचा सदरा कप्तानाने स्वतः फाडला. पहिल्या काही फटक्यांना बाबा ओरडले, मग वहिनी, वहिनी म्हणत राहिले, मग नुसतं कण्हणं. डांबरातल्या गाठी कातडीला चिकटायच्या आणि ओढताना कातडी घेऊन यायच्या. फटके थांबेनात. काकू मध्ये पडली, तिला दोघांनी मागे ओढलं. ती एकाच्या हाताला चावली, त्याने तिच्या पोटात गुडघा घातला. आचारी तोंड फिरवून रडत होता. बाकीचे मूग गिळून उभे. कप्तानाचा हात भरून आला तेव्हा त्याने दोरखंड उलटा धरला आणि त्याच्या लाकडी मुठीने बाबांच्या डोक्यात मारलं. एकदा, मग पुन्हा. बाबांची मान लटकली.

गाठ सोडली तशी ते पोत्यासारखे खाली पडले. कप्तानाने वाकून मानेवर दोन बोटं ठेवली, न ठेवल्यासारखीच.

"मेला," तो म्हणाला. "शिव ह्याला."

काकूने छातीला कान लावला. वारा घोंघावतोय, लाटा कठड्यावर आदळतायत, त्यात काय ऐकू येणार? अंग बर्फासारखं गार. तिलाही वाटलं, गेले. "मला तेव्हा रडू यायला हवं होतं," ती मला म्हणाली, "पण नुसते हात थरथरत होते. मग हातांना कामाला लावलं."

तिने कापड पसरलं. उजव्या तळव्यावर चामड्याचा पट्टा चढवला. त्याच्या मधोमध लोखंडी चकती असते, तिने दाभण रेटायचं, म्हणजे सहा पदरी कापडातूनही ते लोण्यातून गेल्यासारखं जातं. दोरा सात पदरी, मेण चोपडलेला. हा दोरा हाताने तोडायला जा, बोट तुटेल पण दोरा नाही. कप्तानाला घाई होती. मालकांना उत्तर द्यायचं होतं, आणि प्रेत जितकं खोल जाईल तितकं बरं. म्हणून त्याने साखळीचे दुप्पट तुकडे टाकायला लावले. काकूने तेही घट्ट शिवले. कठड्याला एका जागी फट असते, तिथे फळी लावून तिच्यावरून प्रेत घसरवतात. बाबांना त्या फळीवर ठेवलं, आणि ती पायापासून शिवत वर आली. गुडघे, कंबर, छाती. टाके बारीक, एकासारखा एक. तिला वाईट शिवताच यायचं नाही.

गळ्यापाशी आली तसा कप्तान म्हणाला, "पुरे. नाकाचं राहू दे. ढकला."

काकू म्हणाली, "टाका घालणार."

"राहू दे म्हणतो ना!"

"माझ्या नवऱ्याला घातला. ह्यांना का नको?"

खलाशांत कुजबूज झाली. ज्यांनी एका माणसाचा जीव जाताना हूं की चूं केलं नव्हतं, ते आता पुढे सरकले. जिवंत माणसाची त्यांना पर्वा नव्हती, पण मेलेला परत चढून आला तर? तांडेलाच्याच तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, "साहेब, टाका तेवढा घालू द्या. नाहीतर हा रोज रात्री जहाजावर येईल." काय म्हणावं ह्या माणसांना! पण त्यांच्या ह्या भित्रेपणामुळेच मी जन्माला आले.

"घाल आणि उरक," कप्तान म्हणाला.

काकूने डाव्या हाताने बाबांचं नाक धरलं, लहानपणी पुसायला धरायची तसं. दाभण टोचलं, चकतीने रेटलं, पलीकडून ओढलं. भोकातून रक्ताचा थेंब आला. लाल, ताजा. तो ओघळून ओठावर आला, त्याच्यामागे दुसरा आला. मेलेल्याला असं रक्त येत नाही. मग बाबांच्या घशातून एक आवाज निघाला, कुत्र्याचं पिल्लू झोपेत करतं तसा.

"जिवंत आहेत!" काकू किंचाळली. "भाऊजी जिवंत आहेत!"

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी रक्त पाहिलं. कप्तानानेही पाहिलं. जिवंत राहिलेला दोरा बंदरावर उतरून काय काय सांगेल, हे त्याला त्याच क्षणी कळलं असणार. तो काकूजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मी मेला म्हटलं ना? मग मेला. शिव."

काकूने दाभण त्याच वाटेने मागे ओढलं आणि नाकातला दोरा काढून घेतला. दाभण तिच्या हातात, दोरा दाभणात, आणि दोऱ्याचं दुसरं टोक त्या कापडाच्या शिवणीत. तिला वाटलं, आता कोणीतरी पुढे येईल. कोणीही हललं नाही.

कप्तानाने फळीवरच्या बाबांना ढकलायला पाय उचलला. दुसरा पाय काकूच्या गुडघ्याशी होता. तिने विचारबिचार केला नाही. घोट्यामागची जाड शीर असते, तिच्यावर दाभण लावलं आणि चकतीने सगळा जोर दिला. बुटाच्या चामड्यातून, शिरेतून, पुन्हा चामड्यातून दाभण पलीकडे निघालं. तिने ते ओढून दोरा खेचला आणि गाठ मारली. सवयीचा टाका होता, डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर झाला.

कप्तान बैलासारखा ओरडला आणि पडला. पडता पडता दोरखंडाची मूठ त्याने काकूच्या जबड्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. तोंडात दात फिरत होते, ते तिने थुंकले आणि शिवणकामाची सुरी काढली. बाबांना बाहेर काढायचं होतं. शिवण उसवणं सोपं होतं, पण आपली शिवण ती कधी उसवायची नाही. कितीही घाई असो, ती कापड फाडायची, शिवण नाही. तेव्हाही हाताला तेच वळण. तिने शिवणीच्या बाजूने कापड गळ्यापासून पायापर्यंत चिरलं आणि बाबांच्या काखेत हात घालून त्यांना ओढलं.

तोवर कप्तान सरपटत आला. त्याच्या हातात चाकू होता. काकूचे दोन्ही हात बाबांच्या काखेत, सोडले तर बाबा फळीवरून खाली जाणार. तिने सोडले नाहीत. त्याने तिच्या डाव्या हातावर वार केला, पुन्हा केला, आणि दोन बोटं तुटून डेकवर पडली. तिने तरी सोडलं नाही. बाबांना पूर्ण बाहेर ओढून घेतलं आणि मग त्या रिकाम्या, साखळीने जड झालेल्या कापडाला लाथ मारली.

कापड फळीवरून घसरलं आणि खाली गेलं. दोरा ताणला, कप्तानाच्या पायाला हिसका बसला आणि तो पालथा पडून फटीकडे ओढला गेला. तेवढ्यात जहाज त्याच बाजूला कललं. त्याने दोरा कापायला हवा होता, पण हाताला आधार हवा म्हणून त्याने चाकू टाकला आणि कठड्याचा खांब धरला. कंबरेपासून खाली तो बाहेर लोंबकळत होता. त्या पायाला साखळ्या ओढत होत्या आणि शीर फाटत होती.

"तांडेल! हात दे! हात दे रे!"

तांडेल एक पाऊल पुढे आला. काकू त्याच्याकडे बघत होती. तिचं तोंड एका बाजूला लोंबत होतं, हातातून रक्ताची धार लागली होती. तिने डेकवरचा लाकडी खुंटा उचलला. दोराचे पीळ सोडवायला लागतो तो, टोकाला निमुळता, दुसऱ्या बाजूला मनगटाएवढा जाड. तांडेल थांबला. मग त्याने पाठ फिरवली. त्याचं बघून एकेकाने पाठ फिरवली. शौर्य म्हणाल तर त्या सगळ्यांनी मिळून केलं ते एवढंच.

काकूने खुंट्याने कप्तानाची बोटं ठेचली. आधी एक हात सुटला. तो शिव्या देत होता, मग शिव्या संपल्या आणि आई गं, आई गं म्हणू लागला. ती थांबली नाही. मी तिला एकदा विचारलं, तेव्हा काय वाटलं गं? ती म्हणाली, "भीती वाटली, हा वर आला तर काय. दुसरं काही नाही." दुसरा हात सुटला तसा तो गेला. साखळ्या दुप्पट होत्या, त्यानेच टाकायला लावलेल्या. तो एकदाही वर आला नाही.

पुढचे दिवस जहाज कोणी आणलं ते ऐका. बाबा खाली कोठडीत पालथे, आचारी त्यांच्या पाठीला तेल लावतोय. काकूचा जबडा आचाऱ्याने कापडाने डोक्याला बांधला, तुटलेल्या बोटांवर तापलेलं डांबर ओतलं. त्या अवस्थेत तिने मोठं शीड शिवलं, तीन बोटांनी कापड धरून. बोलता येत नव्हतं म्हणून खुंट्याने दाखवायची, हे चढवा, ते उतरवा. वाऱ्याकडे बघून कुठलं शीड कधी सोडायचं हे तिला सगळ्यांहून जास्त कळत होतं, कारण प्रत्येक शिडाचं कापड किती सोसेल ते तिच्या बोटांना माहीत. तांडेलाने सुकाणू धरलं, हे खरं आहे. ती दाखवेल तिकडे फिरवलं, हेही खरं आहे. जहाजावर तिच्यापुढे ब्र काढायची कोणाची छाती नव्हती. एवढी टापटीप त्या जहाजावर आधी कधीच नव्हती, असं बाबा म्हणायचे.

किनारा दिसला तशी तांडेलाला कंठ फुटला. तो काकूपुढे येऊन बसला. मागे दोघेतिघे, हातात चाकू.

"हे बघ, दाभण. कप्तानाला मारलं कळलं तर तुला फाशी. आम्ही बघत राहिलो म्हणून आम्हालाही. आम्ही सांगणार, त्याला लाटेने नेलं. मी जहाज आणलं. तेव्हा तू जहाजावर नव्हतीसच. तुझा नवरा होता, तो तापाने मेला. मागच्या बंदरात तू उतरलीस आणि पाहुण्यांकडे गेलीस. बोटं गमावलीस ती तिकडे कुठल्यातरी यंत्रात."

काकू हातातलं शीड शिवत राहिली.

"आणि दोरा तोंड उघडणार नाही ह्याची हमी काय?" मागचा एक म्हणाला. "त्याला आताच..." त्याने चाकूने कोठडीकडे खूण केली.

काकू उठली. कोणाला कळायच्या आत तिने तांडेलाचे केस धरून त्याचं डोकं डोलकाठीवर दाबलं आणि दाभण त्याच्या डाव्या कानाच्या पाळीतून लाकडात ठोकलं. तांडेल खिळला. हलला तर कान फाटणार. चाकूवाले जिथल्या तिथे. मोडक्या जबड्यातून, लाळ गाळत, एकेक शब्द चावत ती बोलली. ते शब्द बाबांनी खालून ऐकले आणि मला जसेच्या तसे सांगितले.

"मी नव्हते. ठीक. जहाज तू आणलंस. तेही ठीक. पण भाऊजींच्या केसाला धक्का लागला, आज नाहीतर वीस वर्षांनी, तर पुढचा टाका कुठे बसेल, हे रोज आरशात बघून आठवत जा."

"आठवीन," तांडेल म्हणाला. "आठवीन, वहिनी." त्या दिवसापासून तोही तिला वहिनी म्हणू लागला.

काकू जहाजावरून उतरली ती मालाच्या पोत्यांमागून, शाल डोक्यावर घेऊन. तांडेलाला हार घातले, त्याचं चित्र काढलं. कानाला भोक दिसतंय तर त्यात बाळी घालावी, असं चित्रकाराला वाटलं असेल किंवा तांडेलालाच. काकू ह्या गोदामात परत आली आणि उरलेलं आयुष्य गुडघ्यांवर बसून शिवत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर शिडं गेली, ताडपत्र्या आल्या. मला तिनेच शिकवलं. सभागृहात कसलासा सोहळा असला की जहाजमालकांच्या पेढीवरची माणसं येऊन म्हणत, आजी, तुम्ही कधी जहाजावर गेलात का? ती म्हणे, "छे बाई, मला पाणी लागतं."

मी तिच्याशी भांडायचे. मी म्हणायचे, जाऊन सांग ना एकदा सगळ्यांना, फाडून टाक ते चित्र. ती म्हणायची, "भाऊजी आहेत तोवर नाही. मी गप्प म्हणून ते जिवंत." तांडेल कधीच मेला होता, कोणाला आता कोणाची पडली नव्हती. पण तिने सौदा केला होता आणि तो ती पाळत होती. मला राग यायचा, अजून येतो. बाबांचं आयुष्य असं तिच्या मौनावर टांगलेलं होतं, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर न काढता समोरासमोर बसून जेवायचे.

बाबा गेले ते घरच्या पलंगावर, सकाळी, चहा पिता पिता. डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "गेले."

काकू स्टुलावर बसली होती, वाकडा जबडा मिटून. ती म्हणाली, "तुमच्यावर अविश्वास नाही, डॉक्टर. पण मागच्या वेळीपण असंच म्हणाले होते." मग मला म्हणाली, "माझा डबा आण."

मी आणला. तिने हाताला चामड्याचा पट्टा चढवला, जुना, तिच्या तळव्याच्या आकाराचा झालेला. दाभण काढलं. डॉक्टर म्हणाले, "अहो आजी, हे काय करताय?" आणि पुढे झाले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, आत आले आणि दाराला कडी घातली.

बाबांच्या नाकात ते जुनं भोक होतं, मसुराएवढं. काकूने डाव्या हाताच्या तीन बोटांनी नाक धरलं. 

"भाऊजी," ती म्हणाली, "जरा कळ सोसा हं."

जुन्या भोकाच्या शेजारी तिने दाभण लावलं आणि चकतीने रेटलं. ते पलीकडून निघालं. काहीच आलं नाही. तिने हातात कापडाचा तुकडा तयार धरला होता, रक्त आलं की टिपायला. डॉक्टर बाहेरून दार वाजवत होते. मी म्हटलं, काकू, पुरे. तिने मान हलवली, थांब म्हणून, आणि तो तुकडा बाबांच्या ओठाजवळ धरून ती तशीच बघत बसून राहिली.